मेळघाटला जायचंय, पण नुसती वाघाची सफारी नको. कसं ठरवू?

भटकंती_वेडी (पुणे)

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये मेळघाटला जायचं मनात आहे. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि माझे सासरे, वय ६८, चालायला ठणठणीत आहेत पण जिप्सीचे धक्के कितपत झेपतील शंका आहे. ताडोबा झालंय, पेंच झालंय, वाघही दिसलाय, पण एका वाघिणीभोवती गाड्यांची जी गर्दी बघितली तेव्हापासून तसं जंगल बघायची इच्छाच राहिली नाही. मला डोंगर, नद्या, शांतता आणि तिथे राहणारी माणसं असं सगळं एकत्र बघायचंय. मेळघाट म्हटलं की लहानपणापासून पेपरात एकच गोष्ट वाचत आलो, कुपोषण, आणि एवढ्या मोठ्या मुलखाबद्दल आपल्याला त्यापलीकडे काहीच माहीत नसावं याचं वाईट वाटतं.

तर विचारायचं असं की मुक्काम चिखलदऱ्याला करावा की सेमाडोह-कोलकासला? कोणी म्हणतं होळीच्या वेळी जा, तिथल्या कोरकू आदिवासींची होळी बघण्यासारखी असते, पण आपण बाहेरून जाऊन कोणाच्या सणात घुसणं बरं दिसतं का हेही कळत नाही. मुलीला पक्ष्यांचं भारी वेड आहे, तिने कुठेतरी रानपिंगळ्याबद्दल वाचलंय आणि तो दिसणार का असं रोज विचारतेय. जाऊन आलेल्यांनी किंवा तिकडच्यांनी सविस्तर सांगा प्लीज, घाई नाही.

---

परतवाडेकर

ताई, या या, आमच्या भागात कोणी येतो म्हटलं की बरं वाटते. बहुतेक लोक काय करतात, अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून मोथा मार्गे चिखलदरा, तिथं चार पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, रबडी खाल्ली की झालं मेळघाट, दुसऱ्या दिवशी वापस. तसं नका करू. चिखलदरा चांगलंच आहे, अकराशे मीटरच्या वर आहे म्हणून हवा थंड, तिथं कॉफीची झाडं आहेत, मोथ्याकडं आता स्ट्रॉबेरी पण घेतात लोक, पण ते पठार आहे, खरा मेळघाट त्याच्या खाली उतरल्यावर सुरू होते.

माझं ऐकसान तर एक मुक्काम चिखलदऱ्याला आणि बाकी सगळे सेमाडोह नाहीतर कोलकासला ठेवजा. दोन्हीकडं वनविभागाची राहायची सोय आहे, वनविभागाच्या ऑनलाइन बुकिंगवरून मिळते, सुट्टीच्या दिवसांत लवकर भरते म्हणून आधीच करून घेजा. कोलकासचं विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर उंचावर आहे, सकाळी उठून नुसतं व्हरांड्यात बसलं तरी खाली पाण्यावर काही ना काही येतेच. तुमच्या सासऱ्यांसाठी तर तेच बेस्ट, काहून की तिथं त्यांना जिप्सीत बसायची गरजच नाही पडणार, खुर्ची टाकून दिवसभर नदी पाहत बसतील.

नद्यांचं म्हणाल तर मेळघाटात पाच आहेत, खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार, सगळ्या शेवटी तापीला मिळतात. उन्हाळ्यात यांचं पाणी तुटते आणि मग डोहांमध्येच राहते, आणि सारं जंगल त्या डोहांवर येते. फेब्रुवारीत पाणीही असते आणि सागाची पानं गळायला लागलेली असतात म्हणून आतलं दिसते, एप्रिल-मे मध्ये जनावर जास्त दिसते पण लेकराला आणि म्हाताऱ्या माणसाला ते ऊन सोसवणार नाही. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंदच असते, तेव्हा फक्त चिखलदरा, आणि तिथं धुक्यात गाड्यांची रांग.

वाघाचं सांगून ठेवतो. इथं वाघ आहेत, चांगले आहेत, १९७३-७४ ला देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातलं हे एक, पण कोअर अन् बफर मिळून सत्तावीसशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं आहे आणि सगळं डोंगर-दऱ्यांचं. ताडोबासारखं सपाट नाही. वाघ दरीत उतरला की दिसलाच नाही. त्याऐवजी रानगवे पाहा. गव्यांचा कळप रस्ता ओलांडते तेव्हा ड्रायव्हर इंजिन बंद करते आणि त्या खुरांचा अन् फांद्या मोडायचा आवाज येते, ते तुमच्या पोरीच्या आयुष्यभर लक्षात राहील. अस्वल आहे, रानकुत्रे आहेत, सांबर, भेकर, चौशिंगा, नशीब असलं तर बिबट.

गाविलगड मात्र सोडू नका, अर्धा दिवस द्या. आत मोठमोठे तलाव आहेत, तोफा पडल्या आहेत, दरवाज्यांवरचं कोरीव काम पाहण्यासारखं आहे. बहमनी काळातला किल्ला, १४२५ च्या सुमाराचा, आणि १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या इंग्रजी फौजेनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता तिथंच पडला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. आमच्या परतवाडा-अचलपुरातल्या पोरांनाही हे माहीत नसते याचं दुःख होते.

---

पिंगळा_आणि_पाऊलवाट (नाशिक)

रानपिंगळ्यासाठी खास लिहितोय कारण मुलीने विचारलंय. दिसेल का याची खात्री कोणी देऊ शकत नाही पण शक्यता चांगली आहे, आणि फेब्रुवारी-मार्च यासाठी योग्यच वेळ आहे कारण साग उघडा पडलेला असतो. हा पिंगळा दिवसाउजेडीसुद्धा फिरतो, सकाळच्या कोवळ्या उन्हात निष्पर्ण सागाच्या शेंड्याकडच्या फांदीवर बसलेला असतो, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन शोधायची गरज नाही आणि शोधूही नये. आपल्या घराजवळ दिसणारा ठिपकेवाला पिंगळा तिथेही असतो, म्हणून मुलीला आधीच फोटोत फरक दाखवून ठेवा: रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, छातीवर तपकिरी रंग एकसलग, पोट पांढरं स्वच्छ, डोकं आणि पाय दणकट.

त्याची गोष्ट तिला नक्की सांगा. १८७२ मध्ये हा पक्षी पहिल्यांदा शास्त्रज्ञांच्या हाती लागला, १८८४ नंतर कोणाला सापडलाच नाही, सगळ्यांनी तो संपला असंच धरलं होतं. मधे एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, माइनर्ट्झहॅगन त्याचं नाव, १९१४ मध्ये आपण तो मिळवला असा दावा केला होता, आणि त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवून लोक गुजरातेत भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातला तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो चोरलेला जुनाच नमुना होता, नव्याने शिवलेला, आणि ठिकाण-तारीख खोटी. मग त्यांनी ती नोंद बाजूला टाकली, जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना तो जिवंत दिसला, ११३ वर्षांनी! त्यानंतर सातपुड्यात शोध सुरू झाला आणि मेळघाट हे त्याचं सगळ्यात भक्कम घर असल्याचं लक्षात आलं. दहा वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगली गुप्तहेरकथा मिळणार नाही.

एक विनंती, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका आणि गाइडने वाजवायला घेतला तर स्पष्ट नाही म्हणा. त्याला वाटतं दुसरा पिंगळा हद्दीत घुसलाय, तो शिकार सोडून ओरडत बसतो, आणि विणीच्या दिवसांत तर घरट्यावरून उठतो. जगात मोजकेच उरलेले पक्षी, त्यांची सकाळ आपल्या फोटोसाठी वाया घालवू नये.

गाइड मात्र स्थानिक कोरकू पोरगाच मागा. यांचे कान वेगळेच असतात. आपण दुर्बीण लावून डोळे फोडत असतो आणि तो तोंडातला खर्रा बाजूला करून शांतपणे म्हणतो, त्या तिसऱ्या झाडावर बघा. माझा अनुभव सांगतो, सफारीच्या गाडीपेक्षा सकाळी परवानगी असलेल्या वाटेवर गाइडबरोबर पायी चाललात तर चौपट पक्षी दिसतील.

---

धारणीच्या_बाई

मी धारणी तालुक्यात आश्रमशाळेत बरीच वर्षं शिकवलं, आता अमरावतीत असते. भटकंती_वेडी, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण सणात घुसणं बरं दिसतं का हे विचारणारे फार कमी असतात, बाकीचे ‘ट्रायबल डान्स कुठे बघायला मिळेल’ असं थेट विचारतात.

होळी हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, दिवाळीपेक्षाही मोठा. सुगीनंतर कामाला बाहेर गेलेली माणसं, कोणी अमरावती-अकोल्याकडे, कोणी मध्य प्रदेशात, कोणी पार पुण्या-मुंबईकडे बांधकामावर, ती होळीला काहीही करून घरी येतातच. आठ-पंधरा दिवस आधी आठवडी बाजार असे फुललेले असतात की पाय ठेवायला जागा नाही, नवीन कपडे, रंग, गाठ्या, बांगड्या. तुम्हाला माणसं बघायची आहेत ना, मग हा होळीआधीचा बाजार बघा. तिथे तुम्ही कोणाच्या अंगणात उभे नसता, बाजार सगळ्यांचाच असतो, भाजी घ्या, फुटाणे घ्या, गप्पा मारा. कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारलं की सांगतील.

होळीनंतर पाच दिवस फगवा चालतो. बायकांचा घोळका रस्त्यात आडवा येतो, गाणं म्हणतात, गाडी थांबवतात आणि फगवा मागतात. बाहेरच्या माणसाला वाटतं अडवणूक झाली, काहीजण काचा वर करून हॉर्न वाजवत निघून जातात आणि ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, तो त्यांचा हक्काचा सण आहे. थांबायचं, गाणं पूर्ण ऐकायचं, दहा-वीस रुपये हसून द्यायचे. सुट्टे जवळ ठेवा म्हणजे झालं. होळीनंतर काही गावांत मेघनाथाची यात्रा भरते, रावणाच्या मुलाला हे लोक देव मानतात, मोठा खांब उभारून पूजा असते, नवस फेडतात. यात्रेला कोणीही जाऊ शकतं. गावातल्या बायकांचं गदली-सुसून नाच, म्हणजे एकमेकींच्या हातात हात गुंफून संथ लयीत पुढे-मागे, तो बघायला मिळाला तर बघा, पण पैसे देऊन कोणाला आपल्यासमोर नाचायला लावू नका एवढं कळकळीने सांगते.

भाषेची गंमत मुलीला दाखवा. कोरकू ही मराठीच्याही नात्यातली नाही आणि गोंडीच्याही नाही, ती मुंडा कुळातली, म्हणजे तिची भावंडं झारखंड-ओडिशाकडची संथाळी, मुंडारी, हो. त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा ही. पहिलीला आलेलं लेकरू घरी फक्त कोरकू ऐकून आलेलं असतं आणि आपण त्याच्यापुढे मराठीचं पुस्तक ठेवतो, मग ते गप्प बसलं की त्याला ढ म्हणतात. मी स्वतः शिकायला लागल्यावर वर्ग कसा खुलला ते मी पाहिलंय. तुमच्या मुलीला पाच-दहा शब्द शिकून घ्यायला सांगा गाइडकडून, तिकडची मुलं खूश होतील.

गावात, म्हणजे ढाण्यावर, जायचं असेल तर ओळखीच्या माणसाबरोबर जा. गावाच्या तोंडाशी मुठवा देव असतो, दगडांचा, शेंदूर लावलेला, तिथे चपला घालून चढू नका. काही गावांबाहेर झाडाखाली सागाचे कोरलेले उभे खांब दिसतील, चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले. त्या खांबांनाही मुंडाच म्हणतात, मेलेल्या माणसांच्या स्मरणाचे ते, सिडोली नावाचा मोठा विधी करून उभारतात, त्यात कित्येकदा घरच्यांना वर्षानुवर्षं पैसे साठवावे लागतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, हात लावू नका, टेकून उभं राहू नका. आणि मुलांना चॉकलेटं वाटू नका हो. पुण्याहून येणारी प्रत्येक गाडी तेच करते, आता पोरं गाडी दिसली की धावतात आणि हात पुढे करतात, ही सवय आपण लावली.

काही द्यायचंच असेल तर विकत घ्या. धारणीजवळ लवादा गावात संपूर्ण बांबू केंद्र आहे, सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं, सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले पण काम चालू आहे. तिथे कोरकू कारागीर बांबूच्या वस्तू करतात, राख्यांपासून घरापर्यंत. जाण्याआधी फोन करून विचारा.

कुपोषणाबद्दल, तो शब्द खोटा नाही. १९९३ मध्ये तो सगळ्या राज्यासमोर आला आणि अजून संपलेला नाही. पण बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी काय केलं (२०१९ ला दोघांना पद्मश्री), उतावलीला डॉ. आशिष सातव यांचं हॉस्पिटल काय करतंय, चिलाटीत मैत्री संस्थेची पुण्यातलीच माणसं पावसाळ्यात गावागावांत का जाऊन राहायची, हे वाचून या म्हणजे नुसती दया येणार नाही, कळेल काहीतरी. पावसाळ्यात रस्ते तुटतात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आई शेतात, आणि नेमके तेव्हाच लेकरं आजारी पडतात, एवढं सरळ आहे ते.

---

गुगामळ_७८

सगळ्यांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट सुटली, ती सांगितल्याशिवाय मेळघाट पूर्ण होत नाही. वैराटला जाल, मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण, ११७८ मीटर, तिथे मोकळं गवताळ रान आहे आणि त्यात सांबर-गवे चरताना दिसतील. गाइड कौतुकाने दाखवेल. ते रान म्हणजे गावाची शेतं होती. वैराट, चुरणी, बोरी, कोहा, कुंड, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, अशी कितीतरी गावं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोअरमधून उठवली. प्राण्यांसाठी त्याचा फायदा झाला यात वाद नाही, जिथे शेतं होती तिथे दोन-तीन वर्षांत गवत आलं, गवतामागून सांबर आलं, सांबरामागून वाघ.

पण माणसांचं काय? कुटुंबाला दहा लाख असा दर २००८ पासून होता, २०२१ मध्ये पंधरा लाख झाला. डोंगरातून उठून अकोट-तेल्हाऱ्याकडे सपाटीवर आलेल्या माणसाला मोह नाही, डिंक नाही, मासे नाहीत, सरपणसुद्धा विकत. काहींनी शेती घेतली, पोरं शिकली, चांगलं झालं, हेही खरंच. काहींचे पैसे मोटारसायकली आणि दारूत गेले आणि हातात काही राहिलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी-गुल्लरघाटकडची माणसं सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत जंगलात आपल्या जुन्या जागी जाऊन बसली होती आणि तिथे वनविभाग-पोलिसांशी मोठी झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. म्हणून मला वैराटला उभं राहिल्यावर नुसता आनंद होत नाही.

---

परतवाडेकर

गुगामळ भाऊ, खरं आहे तुमचं, पण एक बाजू मी पण मांडतो. आतल्या गावात रात्री बाई अडली तर खाटेवर टाकून किती कोस चालावं लागे ते आम्ही पाहिलं आहे. बरेच लोक आपल्या मर्जीनं निघाले. चुकलं ते पुढच्या सोयीत, निघण्यात नाही, असं मला वाटते.

---

गुगामळ_७८

मर्जीचं प्रत्येक गावाचं वेगळं आहे दादा, तुम्ही म्हणता तशीही गावं आहेत, नाही म्हणत नाही. पण रस्ता आणि दवाखाना गावाला मिळाला असता तर किती जण निघाले असते हा प्रश्न उरतोच. आणि जंगल फक्त माणूस काढूनच वाचतं असंही नाही. तुमच्याच परतवाड्याजवळ पायविहीर बघा. उजाड टेकडी, वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला, लोकांनी स्वतः झाडं लावली, चराई आणि तोड थांबवली, आता तिथली सीताफळं ग्रामसभा स्वतःच्या नावाने विकते. २०१४ ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला त्या गावाला. ताई, जाता-येता रस्त्यातच आहे, ग्रामसभेला आधी कळवून गेलात तर सासऱ्यांना तिथली मंडळी टेकडी दाखवतील आणि गप्पाही होतील.

---

भटकंती_वेडी

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, नवऱ्याला आणि सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे शेतकरी घरातले, ते पायविहीर ऐकून लगेच तयार झाले, म्हणाले जंगल तुम्ही बघा मी तिथे दिवस काढतो. मुलगी माइनर्ट्झहॅगनवर प्रचंड चिडलीये.

आता असं ठरवतेय की होळीच्या आधीचा आठवडा धरायचा, म्हणजे बाजार मिळेल, मुक्काम कोलकासला जास्त आणि चिखलदऱ्याला एकच. होळी त्यांची त्यांना करू दे, परतताना फगव्यात सापडलो तर थांबू. दोन शंका राहिल्या. मार्चमध्ये वणव्यांचा त्रास असतो असं वाचलं, तेव्हा जाणं सुरक्षित आहे का? आणि पुण्याहून गाडी घेऊन यावं की रेल्वेने? सासऱ्यांना ती अकोला-खंडवा छोटी गाडी आठवते, तिने जाता येईल का विचारतायत.

---

पिंगळा_आणि_पाऊलवाट

वणवे फेब्रुवारीअखेरपासून सुरू होतात हे खरं. बरेचसे माणसामुळेच लागतात, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तो हाताबाहेर जातो, कधी बिडीचं थोटूक. वनविभाग आधीच जाळरेषा काढतो, आग दिसली की तो भाग बंद करतात, त्यामुळे पर्यटकाला धोका सहसा नसतो, फक्त एखादी सफारी रद्द झाली तर वाद घालू नका. मोहफुलं मात्र मार्चच्या मध्यापासून पडायला लागतात, पहाटे टोपली घेऊन बायका-मुलं निघतात, तेव्हा झाडाखाली अस्वलही येतं. त्यामुळे पहाटे एकट्याने विश्रामगृहाबाहेर फिरायला जाऊ नका, मुलीला तर अजिबात सोडू नका.

---

परतवाडेकर

छोटी गाडी आता नाही जी. अकोला-खंडवा मीटरगेज १ जानेवारी २०१७ ला बंद झाली. धुळघाटला ती गाडी डोंगर चढायला स्वतःच्याच रुळावरून गोल फिरून वर जायची, बाबांनी ते पाहिलं असेल तर त्यांना बोलतं करा. रुंदीकरण व्याघ्र प्रकल्पाच्या आतून न्यायचं की बाहेरून यावर लय वर्षं भांडण चाललं, आता बाहेरून न्यायचं ठरलं आहे.

तुम्ही रेल्वेनं बडनेऱ्याला उतरा, तिथून गाडी भाड्यानं करा, पुण्याहून एवढं चालवत येण्यात काही मजा नाही आणि बाबांना त्रास. परतवाड्यात पेट्रोल टाकी फुल करून घेजा, एटीएममधून पैसे काढजा, बाबांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवजा, काहून की पुढं घटांगच्या घाटापासून मोबाइलची रेंज जाते-येते आणि सेमाडोह ओलांडलं की मोठं दुकान थेट धारणीलाच. हरिसालला मात्र नेट मिळून जाईल, २०१६ ला ते डिजिटल गाव केलं होतं सरकारनं. मच्छरासाठी क्रीम आणि पोरीला पूर्ण बाह्यांचे कपडे, मलेरियाचा भाग आहे हा. परतवाड्याहून दुपारी दोनच्या आत निघजा म्हणजे उजेडात कोलकासला पोहोचता, अंधारात त्या रस्त्यावर गवे बसलेले असतात आणि वळणावर दिसत नाहीत.

---

धारणीच्या_बाई

आणि तारीख नक्की झाली की इथेच लिहा. माझे जुने विद्यार्थी आहेत त्या बाजूला, त्यांच्यापैकी एकाच्या घरी आधी विचारून ठेवते, कुटकीचा, म्हणजे बारीक भरडधान्याचा, भात आणि मक्याची भाकर खाऊ घालतील. पैसे घेणार नाहीत ते, म्हणून जाताना चांगली चहापत्ती आणि साखर न्या.